सावळारामचा पंखा

सावळारामच्या अंगणात बॉयलर उभा राहिला तेव्हा पाड्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं, म्हातारा आता दारू गाळणार. उरलेल्यांना वाटलं, बायको गेल्यापासून याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन्हीकडच्यांनी लांबूनच बघितलं. जवळ येऊन, "हे काय करतोस?" म्हणून कोणी विचारलं नाही, आणि सावळारामला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पाडा डोळखांबच्या पुढे, डांबरी सोडून आत. वीसेक घरं, खाली भातशेती, वर डोंगरउतारावर नाचणीची वरकस जमीन. सावळारामने अठ्ठावीस वर्षं मुरबाडला एका कंपनीत बॉयलरवर काढली. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचं, सुटीला जीप पकडून घरी यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन जायचं. कंपनीने निवृत्त केलं तेव्हा गळ्यात हार घातला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याचा उजवा कान ठेवून घेतला. बॉयलरच्या खोलीत इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला एक कान गेल्याचं फारसं काही वाटत नाही. तो कायमचा घरी आला, आणि आठ महिन्यांनी गिरजा गेली.

गिरजाचं माहेर माणगावच्या अंगाचं, उकड्या तांदळाचं. सासरी आली तेव्हा इथल्या पांढऱ्या भाताने तिचं पोट भरेना. मग तिने स्वतःच भात उकडायला सुरुवात केली. रात्री भिजवायचं, सकाळी तांब्याच्या हंड्यात वाफवायचं, टरफलाचं तोंड फुटलं की खळ्यावर पसरायचं. पहिल्या वर्षी शेजारणी हसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिच्याकडची पेज खाल्ली, आणि तिसऱ्या वर्षापासून आपापली पाटी डोक्यावर घेऊन यायला लागल्या. झोडणी उरकली की आठ-दहा दिवस गिरजाच्या अंगणात बायका मावत नसत. कोणी वाल सोलत बसायची, कोणी लेकीच्या सोयरिकीचं काढायची, कोणी उगाच रडून घ्यायची. सावळाराम सुटीला यायचा तेव्हा त्याला लांबूनच तो धूर दिसायचा आणि हसणं ऐकू यायचं. तेव्हा दोन्ही कान शाबूत होते.

आला की तो आधी चुलीकडे बघायचा. कपाळाला आठी.

"सकाळपासून दोनच हंडे? अन् हा धूर केवढा! मी तासाला चार टन वाफ काढतो तिकडे. तुला जाळ लावता येत नाय, गिरजे."

"नाय येत," गिरजा म्हणायची, आणि पदराने डोळे पुसायची. बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. सावळारामला वाटायचं, त्या आपल्या चार टनांना हसतायत. तो हुशारीने मान हलवून आत जायचा.

गिरजाला जाऊन दोन वर्षं झाली. अंगणात आता कोंबड्यासुद्धा हौसाच्या घरच्या यायच्या. हौसा म्हणजे लगतच्या घरची भावकीतली भावजय. ती येता-जाता, "जेवलात का भावजी?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत पुढे गेलेली असायची. मुलगा प्रणित कल्याणला. रविवारी फोन करायचा. "पप्पा, इकडे या राहायला." सावळाराम एकदा जाऊन आठवडाभर राहिलाही. तिथे सगळे दिवसभर कामावर, आणि हा सोफ्यावर. मग म्हणाला, एकटंच बसायचं तर आपल्या घरी बसतो, आणि परत आला.

घरात आवाज नव्हता. कंपनीत रात्रंदिवस पंख्यांची घरघर असायची, तिच्यात तो जेवला होता, झोपला होता, तापाने फणफणला होता. इथे भांडं खाली ठेवलं तरी दचकायला व्हायचं. त्याला एकटं वाटत होतं, आणि हे वाटणं कोणाला सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

यंदा भात झोडून झालं आणि त्याच्या मनात आलं, गिरजा करायची ते आपण केलं तर? हंड्यावर नाही, आपल्या रीतीने. वाफ तयार असली की बायका येतील. बायका आल्या की अंगण भरेल. हिशोब सरळ होता.

महिनाभर तो राबला. शहापूरच्या भंगारातून जाड पत्र्याचं जुनं पिंप आणलं. ते आडवं घालून आतून चार नळ्या टाकल्या, म्हणजे जाळ पाण्यातून फिरून धुराड्यात जाईल. सापगावच्या वेल्डरकडून सांधे पक्के करून घेतले. पाण्याची पातळी दाखवणारी काच बसवली. वाफ जास्त झाली तर आपोआप सुटेल असा वजनाचा व्हॉल्व्ह लावला, आणि तो हाताने सतरा वेळा उचलून बघितला. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून एक अपघात झाला नव्हता, तो आता अंगणात करायचा नव्हता. वाफेची नळी दुसऱ्या पिंपात सोडली. त्यात खाली जाळी, वर भात.

पहिल्या दिवशी पेटवला तेव्हा धूर सगळा पिंपाच्या तोंडातूनच बाहेर आला. धुराडं आखूड, लाकडं ऐनाची, बांधावरून तोडलेली, अर्धवट ओली. सावळाराम फुंकणीने फुंकून बेजार झाला. दुपारच्याला कुठे नळीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली. हौसा कुडापलीकडून म्हणाली, "भावजी, घर पेटलं का काय?"

"वारा कमी पडतोय," सावळाराम म्हणाला. "पंखा पायजे."

दुसऱ्या दिवशी तो एसटीने शहापूरला गेला.

मोटारी-पंपांचं दुकान बाजारात. दुकानदार तरणा, हातातला मोबाइल खाली न ठेवता गिऱ्हाईक बघणारा. सावळारामने बॉयलर समजावून सांगितला. मग विचारलं, "धूर ओढणारा घेऊ का जाळाखाली फुंकणारा? कंपनीत आमचे दोन्ही व्हते."

"काका, घरचं काम ना? ओढणारा नको. गरम धुराने मोटर जाते. खालून फुंकणारा घ्या." दुकानदाराने मोबाइल ठेवला. याचा अर्थ त्याला आता रस वाटू लागला होता. "हे बघा दोन. हा बारका, रेग्युलेटरवाला. हळू चालतो, आवाज नाय, शेगडीला भट्टीला लोक नेतात. तुमच्या पिंपाला पुरेल. थोडा टाइम घेईल. अन् हा मोठा. लोहारकामाचा. याच्यासमोर ओलं लाकूडपण रडत रडत जळतं."

सावळारामने दोन्ही हातात घेतले. पाती बघितली, बूड बघितलं. बारक्याचं तोंड त्याच्या पिंपाच्या मापाला बरोबर होतं. हे त्याला बघताक्षणी कळलं होतं.

"आवाज ऐकव," तो म्हणाला.

बारका लावला. डाव्या कानाने ऐकावं लागलं. कोणीतरी पलीकडच्या खोलीत श्वास घेतंय, एवढाच आवाज.

मोठा लावला. दुकानातली कॅलेंडरं उडाली. घरघर जमिनीतून सावळारामच्या तळपायात आली, गुडघ्यात आली, छातीत येऊन बसली. त्याने डोळे मिटले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठेतरी पोचल्यासारखं वाटलं.

"हाच दे," तो म्हणाला.

"काका, जास्त होईल."

"पोरा, तू मला वारा शिकवू नको."

मोठ्या पंख्याने काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. बटण दाबलं आणि पिंपाच्या तोंडात जाळ पांढरा झाला. वीस मिनिटांत पाणी उकळलं, पाऊण तासात हौसाचं गोणभर भात तोंड फोडून तयार. हौसाने दाणा चिमटीत दाबला, दाताखाली धरला, आणि तोंडावर हात ठेवला.

"भावजी, इतक्यात?"

"चार टन काढायचो मी!" सावळाराम ओरडला. पंख्यापुढे ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

गोष्ट पाडाभर झाली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, तिसऱ्या दिवशी सात. सावळारामने आदल्या दिवशीच अंगण सारवून घेतलं होतं. सारवणारा हात त्याचा, त्यामुळे पोपडे राहिले होते. ओटीवरची गिरजाची दोन्ही पोती झटकून घातली, पाण्याचा माठ भरला, गुळाचा खडा काढून ठेवला. बायका आल्या, भिजवलेलं भात ठेवलं, उभ्या राहिल्या. एक बोलायला लागली, दुसरीने कानाला हात लावला, तिसरी म्हणाली, "काय?" मग तिघींनी हात हलवले आणि निघाल्या.

संजीवनी नावाची एक सून कंपनीत कामाला जायची, दुपारच्या पाळीला. ती तर आत आलीच नाही. कुडाबाहेरूनच ओरडली, "मामा! झालं का मिसकॉल द्या! मी येऊन नेते!"

तशीच चाल पडली. सकाळी गोणी यायच्या, मिसकॉल जायचे, दुपारी गोणी जायच्या. जाताना प्रत्येक बाई तोंड भरून कौतुक करायची. "लय भारी केलंत. आमचा अख्खा दिवस वाचला." सावळाराम माठातलं पाणी संध्याकाळी मिरचीच्या रोपांना घालायचा. गुळाच्या खड्याला मुंग्या लागल्या.

पाचव्या दिवशी धोंडीबाई आली. पाड्यातली सगळ्यात जुनी बाई, सावळारामच्या नात्यातली चुलती. दात नाहीत, उकड्याची पेज हाच तिचा आधार. पायलीभर भात पदरात बांधून, काठी टेकत आली, आणि बाकीच्यांसारखी गेली नाही. पोत्यावर बसली, पाय पसरले, जाळाकडे बघत बसली.

सावळाराम इतका हरखला की त्याने लाकूड उलटं घातलं.

धोंडीबाई बोलायला लागली. तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. ती बोटाने चुलीच्या जुन्या जागेकडे दाखवत होती, मध्येच बोळक्या तोंडाने हसत होती. त्याने डावा कान पुढे केला. घरघरीतून एकच शब्द आला, "गिरजा." मग पुन्हा ओठ हलले, पुन्हा हसली, एकदा तिने पदराने डोळे पुसले.

"काय म्हणतेस, काकी?"

ती पुन्हा बोलली. त्याला काही कळलं नाही. पंखा बंद करावा तर भात अर्ध्यावर, वाफ पडली असती. तो धावत पिंपाकडे गेला, धावत परत आला, तोवर धोंडीबाई थकली होती. तिने कानाला हात लावून, नको रे बाबा, अशी मान हलवली. भात होताच काठी टेकत निघून गेली.

त्याने पंखा बंद केला. अंगणात एकदम शांतता झाली, आणि ती त्याला आधीपेक्षा वाईट वाटली.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. "काकी, सकाळी गिरजाचं काय सांगत व्हतीस?"

"मी? कधी?"

"अंगणात. हसलीस, मग डोळे पुसलेस."

धोंडीबाईने आठवून बघितलं. "नाय रे सावळ्या. गेलं. जाळाम्होरं बसले का काय काय आठवतं. एरवी नाय आठवत मला." मग म्हणाली, "तुज्याकडं तं बसवत नाय. गिरणीत बसल्यावानी व्हतं."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. गिरजाबद्दल त्याला काय माहीत होतं? सुटीच्या दिवसांपुरतं माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांचे बाकीचे दिवस या बायकांकडे होते, आणि त्या बायकांना त्याने पंखा लावून घालवलं होतं. सकाळी त्याने पंख्याच्या तोंडाला झडप लावून बघितली. वारा कमी झाला, पण घरघर तेवढीच, वर शिट्टी वाजू लागली. घरातल्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावून बघितला, तर मोटर तापून करपल्याचा वास आला. मग त्याने चारही नट सोडले, पंखा गोणीत घातला आणि सापगाववरून शहापूरला गेला.

दुकानदाराने त्याला बघितलं आणि हसू दाबलं. "बोललो होतो ना काका, जास्त होईल."

"जास्त नाय झाला," सावळाराम म्हणाला. आपली चूक पोराटोरापुढे कबूल करायची त्याला सवय नव्हती. उभा राहून त्याने मोजमापाच्या फूटपट्टीशी चाळा केला. मग म्हणाला, "माणसं बसत नायत."

दुकानदाराला ते कळलं नाही. पण त्याने मोठा ठेवून घेतला आणि बारका बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी संजीवनीचा नंबर पहिला होता. सावळारामने तिच्यासाठी पहाटेच पेटवलं, सुकीच लाकडं लावली, तरी उन्हं खळ्यावर येईपर्यंत भात झालं नाही. संजीवनी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डबा भरलेला, केस बांधलेले.

"मामा, मोठा पंखा कुठाय?"

"दिला परत."

"का? बिघडला?"

"नाय."

"मग? मला कंपनीची गाडी गाठायचीय. सगळे पुढं चाललेत, अन् तुमी मागं." ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. भात झालं तशी तिने सासऱ्याला हाक मारली, दोघांनी गोणी उचलली, आणि ती जाताना म्हणाली, "पुढच्या टायमाला मी गिरणीतच पांढरे तांदूळ काढून आणीन. टाइम नाय मला."

सावळारामने पुढे होऊन त्यांना वाट करून दिली. तिची वेळ खरी होती. कंपनीची गाडी कोणासाठी थांबत नाही, हे त्याच्याइतकं पाड्यात कोणाला ठाऊक असणार?

मग हौसा आणि धोंडीबाई. दोघींचं मिळून एक पिंप. हौसाने गोणी ठेवली आणि सवयीने निघाली, पण कुडापर्यंत जाऊन थबकली. "भावजी, पंखा बंद पडला का? आवाज नाय तो?"

"चालू हाय. बारका हाय. येळ लागंल."

"किती?"

"दोन-अडीच तास."

हौसाने घराकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. घरी सुपात वाल पडले होते. ती गेली. सावळारामने जाळात लाकूड सारलं आणि मान वर केली नाही. थोड्या वेळाने सूप घेऊन ती परत आली आणि धोंडीबाईशेजारच्या पोत्यावर बसली.

पंखा बारीक श्वास टाकत होता. जाळ पिवळा, शांत. दोघी वाल सोलत होत्या. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेचं पटत नाही, असं चाललं होतं. सावळाराम काचेतली पाण्याची पातळी बघत बसला होता. पातळीला काही झालं नव्हतं. धोंडीबाईचा हात थांबला.

"गिरजा लबाड व्हती पण," ती म्हणाली.

सावळारामने डावा कान तिकडे केला. काचेवरची नजर काढून त्याने विचारलं.

"का गो काकी?"

"लाकडं भिजवायची."

"कसली लाकडं?"

"चुलीची रे. पहाटं उठून निम्मी लाकडं बादलीत बुडवून ठेवायची. दोन सुकी लावायची, एक ओलं. मी एकदा बघितलं. मी बोलले, गो, असा भात कधी व्हायचा? तं मला बोलते, सुक्यावर लवकर व्हतो, काकी. भात झाला का तुमी समद्या उठून जाता."

धोंडीबाई हसली, आणि पदराने डोळे पुसले. अगदी परवासारखे.

सावळाराम हौसाकडे वळला. हौसा सुपात बघत होती.

"तुला म्हायत व्हतं?"

"समद्यांना म्हायत व्हतं, भावजी. आमाला तरी कुठं उठायचं व्हतं?"

"मंग मला का नाय सांगितलं कोणी?"

हौसा पुन्हा वाल सोलायला लागली. धोंडीबाईला भीड नव्हती. "तू व्हतास कुठं?" ती म्हणाली.

पंखा चालूच होता. सावळारामला आठवलं, आपण जीपमधून उतरून आल्या आल्या काय म्हणायचो. वर्षानुवर्षं तेच म्हटलं. दारात डबासुद्धा खाली ठेवला नसायचा. आणि ती प्रत्येक वेळी दोनच शब्द बोलायची, धुराने डोळे लाल करून. ज्या घरातल्या शांततेने तो दोन वर्षांत पिसाळायला आला होता, त्याच शांततेत ती अठ्ठावीस वर्षं राहिली होती, आणि त्याच्या येण्याच्या दिवशी तिने तक्रार म्हणून केली नव्हती. बायकांसमोर रडायची लाज वाटली, म्हणून तो उठला.

उठून त्याने पंख्याचं बटण बंद केलं. बादली माठाखाली धरून भरली. ढिगातून ऐनाचं एक जाड लाकूड काढलं, बादलीत दाबून धरलं, बुडबुडे थांबेपर्यंत धरलं, आणि तसंच पाणी गळत असलेलं जाळात सारलं.

फसफस आवाज झाला. धुराचा लोट तोंडातून बाहेर आला आणि अंगणभर पसरला. धोंडीबाईने पदर नाकाला लावला. हौसा खोकत, डोळे चोळत सूप घेऊन मागे सरकली, पण उठली नाही.

"काय हे भावजी! अख्खी उमर बॉयलरवर काढलीत, अन् जाळ लावता येत नाय तुमाला?"

"नाय येत," सावळाराम म्हणाला, आणि दुसरं लाकूड बादलीत बुडवलं.